असून नसलेला छापखाना

गेल्या कार्तिकांतील एक रात्र. साडेनऊ वाजून गेले होते. मुलुंडच्या आमच्या घरांत जेवणें आटोपलीं होतीं आणि मधल्या खोलींतील मेजाभोंवतीं घरांतलीं माणसें एका यंत्राकडे पाहात उभीं होतीं. यंत्राचा हिरवा दिवा लागलेला होता. त्याच्या पोटांत कागद होता. शाई दिवाळीच्या आधींच भरलेली होती. परंतु शेजारच्या संगणकाच्या पडद्यावर त्याच्या नांवापुढें एकच शब्द उमटला होता : ऑफलाईन. संगणकाच्या मतें तें यंत्र घरांत नव्हतेंच! दोघांमध्यें अंतर म्हणाल तर हातभर. आणि हा शेजारी छातीठोकपणें सांगत होता कीं, असला कोणी इसम येथें राहात नाहीं.

ज्या कागदासाठीं ही धांवपळ चालली होती, तो कागद आमच्या वहिनींचा होता. आमचे थोरले बंधु, ज्यांस घरांत लहानथोर सारे दादाच म्हणत, ते श्रावणांत निवर्तले. ते सरकारी नोकरींतून निवृत्त झालेले. त्यांच्या पश्चात् वहिनींस कुटुंबनिवृत्तिवेतन मिळावयाचें. त्या अर्जाचें एक पान नव्या नमुन्यावर भरून, सहीसह, दुसऱ्या दिवशीं दुपारच्या आंत फोर्टांतील कचेरींत हजर करावयाचें होतें. नमुना सायंकाळीं ई-मेलनें आला. त्या वेळीं स्टेशनाजवळचीं झेरॉक्सचीं दुकानें उघडीं होतीं. पण घरांत प्रिंटर असतां बाहेर धांवावयाचें कशाला, असा आम्हीं पोक्त विचार केला, आणि रात्रीं पाहतों तों हा प्रकार! सकाळीं आठची लोकल धरावयाची. दुकानें दहाच्या आधीं उघडत नाहींत. वहिनींचें वय अठ्याहत्तर. डोळ्यांस चष्मा लावून, हातांत पेन धरून त्या सही करण्यासाठीं कोचावर बसून राहिल्या होत्या. त्या कांहीं बोलत नव्हत्या, आणि त्यामुळेंच आमचा धीर अधिक सुटत होता.

अशा वेळीं सामान्य मनुष्य जें करितो तेंच आम्हीं केलें : छापण्याचा तोच हुकूम पुनः दिला. मग आमच्या नातीनें दिला. मग पुतण्यानें दोनदां दिला. यंत्र ढिम्म! तेव्हां आम्हीं दुसरी सामान्य गोष्ट केली. दोष देण्यासाठीं माणूस शोधूं लागलों. सूनबाई घरीं बसून कचेरीचें काम करितात, आणि या संगणकावर त्यांचाच वावर अधिक. आम्हीं म्हटलें, “तुमच्या त्या कचेरीच्या कामांत कांहीं तरी बदललें असेल.” त्या म्हणाल्या, “बाबा, मी आठ दिवसांत प्रिंटरला हात लावलेला नाहीं.” आमच्या स्वराची धार त्यांस लागली असावी. त्या आंत निघून गेल्या व स्वयंपाकघरांत भांडीं नेहमींपेक्षां मोठ्यानें वाजूं लागलीं. एका यंत्राबरोबर घरांतील एक माणूसहि आमच्याशीं बोलेनासें झालें.

आमचा मुलगा या विषयांतला जाणता. पण तो कामानिमित्त बंगळूरास गेलेला, आणि त्याचा फोन लागेना. आमची स्वतःची विद्या म्हणाल तर जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतची, आणि त्यापुढें जें थोडेंफार शिकलों तें संस्कृत. पस्तीस वर्षें शाळेंत आम्हीं ‘देव’ आणि ‘माला’ हे शब्द चालविले. यंत्र म्हणून चालविलें तें सायकलीपलीकडे नाहीं. तथापि त्या रात्रीं पुढें जें घडलें तें वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटतें, म्हणून या महिन्याचें पान त्यासाठीं खर्चीत आहों. हल्लीं नातवंडांच्या शाळेच्या प्रकल्पांपासून तों वीजबिलापर्यंत सर्व छापणारें हें यंत्र पुष्कळ घरीं आलें आहे, आणि तें केव्हांना केव्हां ऑफलाईन होणार हें ठरलेलेंच आहे.

मुंबईंत मराठी मुद्रणाचा पाया घालणाऱ्यांत गणपत कृष्णाजींचें नांव अग्रभागीं येतें. त्यांनीं १८३१ सालीं शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापून काढलें. प्रेस त्यांनीं स्वतः खटपट करून तयार केला, आणि शाईहि स्वतःच बनविली. छापण्याच्या शाईंत चरबी असावयाची, या शंकेनें धार्मिक लोक छापील पोथीस शिवत नसत. तेव्हां त्यांनीं तुपाची शाई करून पोथ्या छापल्या असें सांगतात. पुढें १८६९ सालीं जावजी दादाजींनीं निर्णयसागर छापखाना काढला. आमच्यासारख्या संस्कृताच्या विद्यार्थ्यांचें निम्में आयुष्य त्या छापखान्याच्या पुस्तकांवर गेलेलें आहे. त्या काळच्या छापखान्यांत बिघाड झाला म्हणजे तो डोळ्यांस दिसे. खिळा झिजला, शाई घट्ट झाली, दाब कमी पडला. जेथें दुखणें तेथेंच हात ठेवतां येई. आजच्या घरगुती प्रिंटराचें तसें नाहीं. त्याचें यंत्र धडधाकट असतें, संगणकहि धडधाकट असतो. बिघाड असतो तो दोघांच्या मधल्या संबंधांत. आणि संबंध हा कांहीं डोळ्यांस दिसणारा पदार्थ नव्हे.

हा संबंध कसा असतो तें थोडक्यांत सांगतों. ज्या घरीं प्रिंटर तारेनें जोडलेला नसून वायफायवर चालतो, तेथें तीन पात्रें असतात : संगणक, प्रिंटर, आणि राउटर नांवाची ती भिंतीवरची लुकलुकणारी पेटी. संगणक प्रिंटरशीं बहुधा थेट बोलत नाहीं; तो राउटरमार्फत हांक मारितो. प्रिंटरची ओ ठराविक वेळांत आली नाहीं, कीं संगणक त्याच्या नांवापुढें ‘ऑफलाईन’ लिहून मोकळा होतो. म्हणजे या शब्दाचा खरा अर्थ ‘प्रिंटर बिघडला’ असा नव्हे, ‘प्रिंटर नाहीं’ असाहि नव्हे. ‘मी हांक मारिली, मला ओ आली नाहीं’ एवढाच त्याचा अर्थ.

हें ध्यानांत आलें तेव्हां आम्हांस एकाएकीं ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेची आठवण झाली. तिच्या सातव्या कारिकेंत, असलेली वस्तुसुद्धां कोणत्या आठ कारणांनीं कळून येत नाहीं, तें सांगितलें आहे. प्रकृति दिसत नाहीं म्हणून ती नाहींच, असें म्हणणाऱ्यांस उत्तर द्यावयाचें होतें, त्यासाठीं ही यादी. आम्हीं मनांत म्हटलें, जें शस्त्र प्रकृतीच्या कामीं आलें तें प्रिंटरच्या कामीं कां येऊं नये? नातीस कागद-पेन्सिल घ्यावयास सांगितलें आणि एकेक कारण तपासावयास आरंभ केला.

पहिलें कारण अति दूर असणें; आकाशांत फार उंच गेलेला पक्षी दिसत नाहीं. राउटर दाराशीं आणि प्रिंटर मागच्या खोलींत असेल तर हांक पोंचत नाहीं. आमचा प्रिंटर मधल्या खोलींत, राउटरपासून दहाबारा पावलांवर. तेव्हां हें कारण नव्हतें. दुसरें कारण अति जवळ असणें. डोळ्यांतलें काजळ डोळ्यास दिसत नाहीं. जी गोष्ट नाकासमोर आहे तीच आपण पाहात नाहीं : भिंतीवरचें बटण, रिकामें कागदाचें खण, यंत्राच्या स्वतःच्या लहान पडद्यावर आलेली तक्रार. तेंहि पाहिलें. सर्व ठीक होतें.

तिसरें कारण इंद्रियाची हानि. बहिऱ्यास हांक ऐकूं येत नाहीं. तारेनें जोडलेला प्रिंटर असेल तर तार सैल झालेली असते. वायफायचा असेल तर त्याच्या कानांची मर्यादा पाहावी. हल्लींचे राउटर बहुधा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर बोलतात. पुष्कळ घरगुती प्रिंटरांस २.४ चीच भाषा कळते. संगणक ५ वर असला तरी चालतें, कारण राउटर मध्यें दुभाष्याचें काम करितो. परंतु प्रिंटर जोडतांना मात्र तो २.४ च्या नांवासच जोडावा लागतो. आमच्याकडे तसेंच होतें. चौथें कारण चित्त ठिकाणावर नसणें. संगणक घरचें वायफाय सोडून कोणाच्या फोनच्या हॉटस्पॉटवर गेलेला असतो, आणि तेथून घरच्या प्रिंटरास हांक मारीत बसतो. किंवा तो छपाईसाठीं भलत्याच प्रिंटरचें नांव मनांत धरून असतो. आम्हीं वायफायचें नांव पाहिलें, घरचेंच होतें.

पांचवें कारण सूक्ष्मता. पुष्कळ विंडोज संगणकांवर छपाईच्या रांगेची जी खिडकी उघडते, तींत ‘यूज प्रिंटर ऑफलाईन’ अशी एक बारीक ओळ असते, आणि ‘पॉज प्रिंटिंग’ अशी दुसरी. कोणाचा हात चुकून पडला व त्यांपुढें खूण उमटली, तर प्रिंटर समोर उभा असूनहि संगणक त्यास मोजीत नाहीं. चष्मा पुसून पाहिलें, खूण नव्हती. सहावें कारण मध्यें आडपडदा असणें. भिंतीपलीकडची वस्तु दिसत नाहीं. लोखंडी कपाट प्रिंटर आणि राउटर यांच्या मध्यें आलें तर लहरी अडतात. दुसराहि एक आडपडदा असतो, तो डोळ्यांस न दिसणारा : कचेरीच्या कामासाठीं व्हीपीएन नांवाचा जो बंदिस्त मार्ग लावितात, तो चालू असतां संगणकास कित्येकदां आपल्याच घरांतलीं यंत्रें दिसेनाशीं होतात. पाहुण्यांसाठीं राउटरवर वेगळें वायफाय ठेविलेलें असतें, त्यावर गेल्यानेंहि असेंच होतें. आम्हीं सूनबाईंवर जो आळ घेतला तो अंधुकपणें या व्हीपीएनविषयींच होता. पुतण्यानें पाहिलें, तो बंद होता. तेथें आम्हीं थोडे वरमलों, पण तोंडानें कांहीं बोललों नाहीं.

सातवें कारण अभिभव, म्हणजे एकाच्या तेजानें दुसरें झांकून जाणें. सूर्यापुढें तारे दिसत नाहींत. आमच्यासारख्या इमारतींत प्रत्येक घरीं एक राउटर. वर-खालीं, उजवीकडे-डावीकडे सर्वांच्या लहरींची गर्दी. त्यांत कोणी मायक्रोवेव्ह भट्टी लावली तर तिच्या लहरी नेमक्या २.४ च्या आसपासच्या, त्यामुळें तेवढा वेळ गोंधळ होतो. परंतु अशानें हांक तुटक होते, कायमची बंद होत नाहीं. आमची तासभर बंद होती. आठवें कारण सारख्यांत मिसळून जाणें. उडदांच्या राशींत टाकलेला उडदाचा दाणा ओळखूं येत नाहीं. संगणकाच्या यादींत एकाच प्रिंटरचीं दोन नांवें असतात, एकापुढें ‘कॉपी १’ असें लिहिलेलें. एक नांव जिवंत, दुसरें मृत. आणि आपण नेमका मृताच्या नांवें हुकूम सोडीत असतों. आमच्या यादींत एकच नांव होतें.

आठहि कारणें संपलीं. साडेदहा वाजले. या तपासांत प्रत्येक टप्प्यावर कोणी तरी ‘आतां पाहूं’ म्हणून पुनः हुकूम देत होतेंच. वहिनी तशाच बसल्या होत्या. आम्हीं म्हटलें, “वहिनी, आपण आडव्या व्हा. आम्ही सकाळीं कांहीं तरी सोय करूं.” त्या म्हणाल्या, “भाऊजी, त्या यंत्रालाच विचारून पाहा ना. ते तसेंच करीत. त्याचें एक बटण दाबलें कीं तें आपलें आपण एक पान काढून देई.”

‘ते’ म्हणजे दादा. आम्ही चपापलों. सबंध तासभर आम्ही संगणकाची साक्ष घेत होतों; ज्याच्यावर गैरहजेरीचा आरोप होता त्यास एक प्रश्न म्हणून विचारिला नव्हता. नातीनें प्रिंटरच्या लहान पडद्यावर ‘नेटवर्क’ या सदरांत शोधून माहितीचें पान छापण्याचें बटण दाबलें. यंत्र खडखडलें आणि एक स्वच्छ पान बाहेर आलें! म्हणजे कागद, शाई, यंत्र सर्व निर्दोष. त्या पानावर वायफायचें नांव होतें. तें आमच्याच घरचें. जोडणी चालू आहे असेंहि त्यांत म्हटलें होतें. आणि त्याखालीं त्याचा पत्ता होता : १९२.१६८.१.१२.

वहिनी उठल्या, आंतल्या कपाटांतून दादांची एक वही घेऊन आल्या आणि एक पान उघडून त्यांनीं तें आमच्यापुढें धरलें. दादांच्या टपोऱ्या अक्षरांत वर ‘प्रिंटर’ असें शीर्षक. खालीं विकत घेतल्याची तारीख, शाई केव्हां केव्हां भरली त्याच्या तारखा, आणि पत्ता : १९२.१६८.१.७. पुतण्यानें संगणकांत प्रिंटरच्या गुणधर्मांची खिडकी उघडून ‘पोर्ट्‌स’ या सदरांत पाहिलें. तेथेंहि सातच. संगणक सात क्रमांकाच्या दारावर हांका मारीत होता, आणि प्रिंटर बारा क्रमांकाच्या घरीं स्वस्थ बसला होता. दोघेहि खरें बोलत होते!

हा पत्ता म्हणजे काय तें सांगणें जरूर आहे. राउटर आपल्या घरांतील प्रत्येक यंत्रास एक क्रमांक देतो. फोन, संगणक, दूरदर्शन, प्रिंटर, सर्वांस. १९२.१६८ नें सुरू होणारे क्रमांक १९९६ सालच्या ठरावाप्रमाणें खासगी जाळ्यांसाठीं राखून ठेवलेले आहेत. म्हणून तेच क्रमांक घरोघर असले तरी घोटाळा होत नाहीं, जशी ‘मधली खोली’ प्रत्येक घरांत असूं शकते. मात्र हा क्रमांक मालकीचा नसतो, भाड्याचा असतो. ठराविक मुदतीनें त्याचें नूतनीकरण व्हावें लागतें. राउटर सतत चालू असला तर जुन्या भाडेकरूस बहुधा तोच क्रमांक मिळत राहतो. परंतु राउटर बंद करून पुनः लावला तर कित्येक राउटरांची भाडेपट्टीची वही कोरी होते. मग जो आधीं येईल त्यास आधीं, या न्यायानें वांटणी होते. सकाळीं प्रथम जाग येते ती फोनांस. प्रिंटर आमच्याकडे कामापुरता लावितात, म्हणजे तो येणार सर्वांच्या शेवटीं. पुतण्यानें राउटरची यादी उघडून पाहिली. क्रमांक सात आमच्या नातवाच्या फोनास मिळालेला होता. आम्ही तासभर जो अर्ज छापण्यासाठीं धाडीत होतों, तो त्या पोराच्या उशाखालीं जाऊन आदळत होता, आणि फोनास त्यांतलें कांहीं कळत नव्हतें!

आतां राहिला प्रश्न कीं, राउटर बंद कोणी केला? वहींतील त्या पानाच्या तळाशीं दादांनीं ठळक अक्षरांत लिहून ठेविलें होतें कीं, राउटरचें बटण रात्रीं बंद करूं नये. तें वाचतांच आमच्या पायांखालची जमीन हलली. दादा असतांना रात्रीं घरांतले दिवे, पंखे, सारीं बटणें पाहून बंद करण्याचा परिपाठ त्यांचा. ते गेल्यावर तें काम आम्हीं आपण होऊन अंगावर घेतलें. दारापाशींच्या एका बटणावर त्यांनीं कागदाची चिठ्ठी चिकटविलेली होती; दिवाळीपूर्वी घरास रंग दिला तेव्हां ती निघून गेली, आणि ती कशाची होती हें विचारण्याचें आमच्या मनांतहि आलें नाहीं. रात्रभर एक पेटी उगाच वीज खाते म्हणून आम्ही दररोज तें बटण बंद करीत आलों. पहांटे दूधवाल्याच्या वेळेस आम्हीच तें लावीत असूं, म्हणून घरांत कोणास पत्ताहि लागला नाहीं.

कारिकेंत आठच कारणें आहेत. शोधणाराच जुन्या पत्त्यावर शोधीत राहिला तर काय होतें, तें तींत वेगळें सांगितलेलें नाहीं. आमच्या घरीं मात्र तेंच घडलें होतें.

उपाय पांच मिनिटांचा निघाला. पुतण्यानें संगणकांत साताच्या जागीं बारा लिहिलें. क्षणभरानें ‘ऑफलाईन’ हा शब्द पडद्यावरून गेला आणि यंत्र चालूं लागलें. एक प्रत आली. दुसरी आली. तिसरी आली. आमचे सर्व हुकूम रांगेंत तसेच उभे होते. शिधावाटप दुकानाच्या रांगेंत एकाच माणसानें आठ पिशव्या ठेवाव्यात तसे. आठवी प्रत पडल्यावरच यंत्र थांबलें. वहिनींनीं पहिली प्रत घेतली. आजवर असले सर्व कागद दादा भरीत आणि त्या खुणेच्या जागीं सही करीत. त्या रात्रीं त्यांनीं तें पान वरपासून खालपर्यंत स्वतः वाचलें, एका ठिकाणीं ‘हें कशाला विचारतात?’ म्हणून पुतण्यास प्रश्न केला, आणि मग आपलें पूर्ण नांव संथपणें लिहिलें. उरलेल्या सात प्रती पाठकोऱ्या म्हणून नातीनें गणितास घेतल्या.

आम्ही स्वयंपाकघरांत गेलों. सूनबाईंस म्हटलें, “दोष तुमचा नव्हता. रोज रात्रीं आम्हीच तें बटण बंद करीत होतों. तुम्हांस उगाच बोललों.” सासऱ्यानें सुनेपाशीं चूक कबूल करावी अशी चाल आमच्या लहानपणीं घरांत नव्हती, त्यामुळें पुढें काय बोलावें तें आम्हांस सुचेना. त्या म्हणाल्या, “बाबा, आतां त्या बटणावर चिठ्ठी मी लावतें. तुम्हांला दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरांत लावतें.” आणि त्या हंसल्या. अर्ज दुसऱ्या दिवशीं वेळेवर पोंचला.

वाचकांच्या घरीं हा प्रसंग येईल तेव्हां क्रम असा ठेवावा. प्रथम, तोच हुकूम पुनः पुनः देऊं नये. दिला असल्यास रांगेंतील जुने हुकूम आधीं काढून टाकावे. दुसरें, प्रिंटरकडून त्याच्या माहितीचें पान छापून घ्यावें. तें निघालें तर यंत्र निर्दोष, आणि शोध जोडणीचा करावयाचा हें निश्चित होतें. तिसरें, त्या पानावरचें वायफायचें नांव आणि संगणकावरचें नांव एकच आहे ना, तें पाहावें. व्हीपीएन असल्यास तो क्षणभर बंद करावा. चौथें, तरीहि ओ न आली तर तिन्ही पात्रें बंद करून क्रमानें लावावीं : आधीं राउटर, दोनतीन मिनिटांनीं प्रिंटर, शेवटीं संगणक. पांचवें, पानावरचा पत्ता आणि संगणकांतला पत्ता ताडून पाहावे. ते निराळे निघाले तर संगणकांतला दुरुस्त करावा. पत्ता कसा बदलावा हें उमगलें नाहीं, तर संगणकाच्या यादींतून प्रिंटर काढून टाकून नव्यानें जोडावा. तेवढ्यानें बहुधा काम होतें. आणि पुनः असें होऊं नये म्हणून राउटरच्या व्यवस्थेंत प्रिंटरचा क्रमांक त्याच्या नांवें राखून ठेवावा. ती सोय बहुतेक राउटरांत असते. आमच्या मुलानें बंगळूराहून परतल्यावर तें केलें. घाईचा प्रसंग असेल आणि संगणकाची यूएसबी तार हाताशीं असेल, तर हा सर्व खटाटोप बाजूस ठेवून प्रिंटर तारेनें जोडावा व काम उरकावें.

याखेरीज एक वही ठेवावी. घरांत एक मनुष्य सर्व जाणत असतो आणि बाकीचे त्याच्या भरंवशावर असतात. एकत्र कुटुंबांत तर ही संवय फारच. दादांस राउटर ठाऊक होता, विम्याच्या तारखा ठाऊक होत्या, गॅसच्या नळीची मुदत ठाऊक होती. ते गेल्यावर आम्हांस वाटलें कीं ती सारी माहिती त्यांच्याबरोबर गेली. ती गेलेली नव्हती. कपाटांत होती, आणि ती कोठें आहे हें ज्यांस ठाऊक होतें त्यांस आम्ही चार महिन्यांत एकदांहि विचारिलें नव्हतें. वहिनींस संगणकांतलें काय कळणार, असें धरून आम्ही चाललों होतों.

ती वही आतां कपाटांत नसते. मधल्या खोलींत प्रिंटरशेजारी असते. दादांच्या सातावर वहिनींनीं एक आडवी रेघ मारली आहे आणि त्याखालीं आपल्या बारीक, किंचित् कांपऱ्या अक्षरांत बारा लिहिलें आहे. परवां शाई भरली, त्याची तारीखहि त्यांच्याच हातची आहे.